काळ्या वायरी मधात

१२ सप्टेंबर १९९८, शनिवार

जो कोनी हे वाचन त्यानं पहिलेच माफ करावं. माही शाळा हिंदीतून झाली, ते बी नववीपर्यंत, म्हनून मराठीतल्या वेलांट्या मी अंदाजानं देते. अन टाइपिंग बी हळू हाये. हे टाइपराइटर लोखंडाचं, एक एक बटन कुदळीवानी हाना लागते. ळ अडकते, त्याले नखानं मागं ओढा लागते. एवढ्याले अर्धा घंटा गेला.

वसुंधराकाकूनं सांगतलं का दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसते तवा याच्यावर एक पान टाइप करत जा, बोटं मोकळी होतीन. काय टाइप करू असं मी विचारलं नाई, मी विचारत नसते. त्याच म्हनल्या, "काहीही कर. मनातलं. मी वाचणार नाही."

काका इथं भिलाईच्या स्टील प्लांटमधी ऑफिसर होते. ते वारल्यावर काकूनं सुपेल्याच्या बाजारात हे दुकान टाकलं. पहिले टाइपराइटरच होतं, दोन वर्षांपासून कम्प्युटर हाये. लग्नपत्रिका, अर्ज, मराठी मंडळाच्या नोटिसा. कम्प्युटरवर माहा हात चांगला चालते. तिथं कोनाशी बोला लागत नाई.

पन मराठीचं सॉफ्टवेअर म्हनजे नाजूक काम. त्याच्या फ्लॉपीतून ते कम्प्युटरात तीनच वेळा टाकता येते. तिन्ही वेळा होऊन गेल्या, अन या पावसाळ्यात फ्लॉपीले बुरशी लागली. कंपनीवाल्याचा फोन लागत नाई. काकू म्हनतात, "डिस्कवर आहे तोवर आहे. ते गेलं की दुकानातलं मराठी गेलं."

त्याच सॉफ्टवेअरात बाबारावजीचं पुस्तक हाये. बाबारावजी प्लांटमधून रिटायर झालेले क्लार्क, मंडळाचे सेक्रेटरी. विदर्भातून भिलाईले कोनतं घर कोन्या गावाहून, कोन्या साली आलं, प्लांटच्या कोन्या शॉपमधी, म्हनजे खात्यात, लागलं, सगळं लिहून राहिले. चारशे बारा घरं. मीच टाइप केली. कोजागिरीले पुस्तक निघन. ते रोज लाल पेन घेऊन येतात अन माह्या प्रत्येक ओळीले रक्त काढतात.

सोमवारी तेजरामभाऊ अर्थिंग करायले येनार हाये.

१४ सप्टेंबर, सोमवार

तेजरामभाऊचं दुकान समोरच हाये. टीव्ही, स्टॅबिलायझर, पंखे, अन आता कम्प्युटर बी. मंडळाच्या कोजागिरीची लाइटिंग वीस वर्षांपासून तोच करते. त्याची बायको भागीरथाकाकी वर्षातून तेवढ्या एकाच दिवशी सेक्टरमधी, म्हनजे प्लांटच्या कॉलनीत, येते, नवऱ्याची लाइटिंग पाहायले.

अर्थिंग झाल्यावर त्यानं कम्प्युटरचा डबा खोलला. आत लाल धूळ. आपल्या इथं धूळ बी लोखंडाची असते. मले म्हनला, "ये नोनी," इकडं पोरीले नोनीच म्हनतात, "पाह्य आत. हे मोठी हिरवी पाटी म्हनजे मदरबोर्ड. अन हे दोन प्लग पॉवरचे. हे उलटे बी बसतात, हा बनवनाऱ्याचा गाढवपना हाये. एक ध्यानात ठेव. काळ्या वायरी मधात, काळी काळीजवळ. उलटं बसलं का बोर्ड राम नाम."

मी मान हलवली. तो हसला. "बोलशीन त टॅक्स नाई लागत."

१७ सप्टेंबर, गुरुवार

आज विश्वकर्मा पूजा. सुपेल्यात सगळी दुकानं धुतली, प्लांटमधून लाउडस्पीकर येऊन राहिला. आज मशीन चालवत नाईत, मशीनचा आराम असते.

माहे बाबा मशीन शॉपमधी हेल्पर हायेत. ते म्हनतात का खराद मशीन, म्हनजे लेथ, आतून चकचकीत केल्याशिवाय विश्वकर्म्याले पूजा पोचत नाई, वरून फडकं मारनं म्हनजे देवाले फसवनं. काकूनं त सांगतलं होतं, कोरड्या कापडानं बाहेरून पुस. पन त्या पेढे आनायले गेल्या होत्या. मी पेंचिसनं स्क्रू काढून डबा खोलला. पॉवरच्या प्लगांच्या खाली लय धूळ होती, ते काढले. ब्रशनं साफ केलं. एवढ्यात काकू आल्या अन ताट कर म्हनल्या, म्हनून ताट केलं. हळद, कुंकू, अक्षता. मंग काकू नारळ फोडत होत्या तवा पळत आत जाऊन प्लग लावले, झाकन लावलं अन डब्यावर स्वस्तिक काढलं.

काकू म्हनल्या, "वा, किती छान पूजा केलीस." मले लय बरं वाटलं.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

काकूनं बटन दाबलं. टक् असा आवाज, मंग रबर जळल्याचा वास, मंग डब्याच्या मागून धूर. पडदा काळाच.

काकूनं प्लग ओढला अन खुर्चीवर बसल्या. मंग म्हनल्या, "बाबारावजींचं पुस्तक."

मी मोरीत जाऊन उभी राहिली. काल प्लग लावले तवा काळ्या वायरी कुठं होत्या ते मले दिसून राहिलं. दोन्ही टोकाले होत्या. मधात लाल होत्या.

मी सांगनारच होती. तोंड उघडलं अन नुसतंच काकूले पानी नेऊन देल्लं. नववीत इन्स्पेक्टर आले तवा असंच झालं होतं. गुरुजीनं मले उठवून पाठ वाचायले सांगतला अन आवाजच निघाला नाई. पूर्ण वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेली नाई.

१९ सप्टेंबर, शनिवार

तेजरामभाऊ आला. बाबारावजी बी येऊन बसले होते. तेजरामभाऊनं झाकन काढलं, आत टॉर्च मारला अन लय वेळ एकाच जागी पाहत राहिला. मंग माह्याकडं पाहिलं. मी कॅलेंडरकडं पाहिलं.

मंग त्यानं पॉवरचे दोन्ही प्लग काढले. खिशातून रुमाल काढून पुसले, परत लावले. रुमालाले लाल लागलं होतं. मले वाटलं बोट कापलं त्याचं, पत्र्याची धार तेज असते.

"बोर्ड गेला," तो म्हनला. "डिस्क वाचली असन."

बाबारावजी उठले. "सोमवारी तू अर्थिंग केली, शुक्रवारी बोर्ड जळला. मतलब काय समजायचं आमी?"

तेजरामभाऊनं रुमालाची घडी केली. "माह्याच अर्थिंगमधी काही राहिलं असन काकाजी."

"असन काय, हायेच!"

मी तिथंच होती. दोन हाताच्या अंतरावर. मले एक क्षन वाटलं का माहं चुकलंच नसन. प्लग उलटे असते त तेजरामभाऊले दिसलं असतं, तो बोलला असता. रस्त्यानं घरी येईपर्यंत मी हेच घोकलं. घरी आल्यावर ते बी पटनं बंद झालं.

२२ सप्टेंबर, मंगळवार

बाबारावजीनं मंडळाच्या बैठकीत सांगतलं. यावर्षी कोजागिरीची लाइटिंग तेजरामले देनार नाईत. पावर हाऊस भागातल्या एका मंडपवाल्याले देल्ली. "ज्याले एक अर्थिंग जमत नाई त्याच्या हाती दोनशे मानसं अन पोट्टेसोट्टे कसे द्यायचे?" असं म्हनले म्हने. काकूनं बैठकीहून येऊन सांगतलं अन म्हनल्या, "वीस वर्षं केलं बिचाऱ्यानं."

दुपारी तेजरामभाऊच्या दुकानासमोरून गेली. तो एका पेटीतून रंगीत बल्ब काढून एक एक पुसून राहिला होता. मले पाहून म्हनला, "पुसून ठेवा लागते, नाईतर उंदरं खातात."

उंदरं बल्ब खातात का?

२४ सप्टेंबर, गुरुवार

दुर्गहून एक कम्प्युटरवाला इंजिनीअर आला, टाय लावून. एका मिनटात म्हनला, नया बोर्ड डालो, फॉर्मेट मारो, विंडोज फिरसे डालो, बात खतम. काकूनं विचारलं, मराठी? त्यानं खांदे उडवले.

तेजरामभाऊ दारात उभा होता. त्याले कोनी बोलावलं नव्हतं. तो म्हनला, "फॉर्मेट नाई करायचं. बोर्ड बदलवू, विंडोज तेच ठेवू."

"नया बोर्ड अलग होगा तो पुराना विंडोज पहचानेगा ही नहीं," इंजिनीअर म्हनला.

"पहचान करवाएंगे," तेजरामभाऊ म्हनला. "मैडम, एक हफ्ता दो."

इंजिनीअर हसत गेला. काकूनं कॅलेंडर पाहिलं. म्हनल्या, "कोजागिरीपर्यंत. पाच तारीख. त्यानंतर मी फॉर्मेट करणार." मंग चष्मा पुसत म्हनल्या, "अन तेजराम, बाबारावजींना कळू देऊ नकोस."

मले वाटते तो आपलं नाव साफ करायले करून राहिला. जे त्यानं खराबच केलं नव्हतं.

२६ सप्टेंबर, शनिवार

रायपूरहून बोर्ड आला. जुना, पन चालू. त्याच्या बदल्यात तेजरामभाऊनं आपल्या घरचा टीव्ही देऊन टाकला. हे मले भागीरथाकाकीनं सांगतलं, डबा घेऊन आली होती तवा. "आता मी सीरियल पाहायले शेजारी जातो बाई. बरंच हाये, गप्पा होतात." अन माह्या हातावर एक अनारसा ठेवला.

तो अनारसा मी खाल्ला नाई. कागदात गुंडाळून ड्रॉवरमधी ठेवला. मुंग्या लागल्या.

२८ सप्टेंबर, सोमवार

पहिले त्यानं डिस्क आपल्या दुकानातल्या मशीनले लावून सगळ्या फाइलींची नक्कल केली. म्हनला, "कोनतंही काम करायच्या पहिले नक्कल." पन सॉफ्टवेअरनं डिस्कवर एका जागी छुपी खूण करून ठेवली असते. नकलेत फाइली येतात, खूण येत नाई. म्हनजे बाबारावजीची चारशे बारा घरं वाचली, पन ती वाचायले डोळेच नाईत. उघडलं त नुसत्या चौकटी अन उलटेसुलटे चिन्ह दिसले. म्हनून मूळ डिस्कच चालू झाली पाहिजे, तिच्यावर काही न हलवता.

नवा बोर्ड बसवला. पॉवरचे प्लग माह्या हातात देल्ले. "तू लाव."

काळी काळीजवळ. मी लावले. तो म्हनला, "पाह्य, येते नं तुले." मले वाटलं जमीन फाटावी.

बटन दाबलं. ढगाचं चित्र आलं, विंडोजचं. अन तिथंच थांबलं. दहा मिनटं ढगच.

"जुन्या बोर्डाले शोधून राहिलं," तो म्हनला.

२९ सप्टेंबर, मंगळवार

तेजरामभाऊ चष्मा रोज घरी विसरते. म्हनून पडद्यावरचं इंग्रजी मलेच मोठ्यानं वाचा लागते. सुरू होताना एफ-आठ दाबायचं, मंग काळ्या पडद्यावर यादी येते. "काय म्हनते?" तो विचारते. मी वाचते. "जोरानं, पंखा चालू हाये." मी जोरानं वाचते.

सेफ मोड नावाचं एक हाये. त्याच्यात विंडोज आजारी मानसावानी फक्त पेज पिऊन जगते, चारी कोपऱ्यात लिहून येते का सेफ मोड. तिथं आतल्या सगळ्या सामानाची यादी असते, प्रत्येक वस्तू जुन्या बोर्डावर कुठं होती ते विंडोजनं लिहून ठेवलं असते. ते एक एक काढायचं. प्रोग्राम नाई काढायचे, फक्त सामानाची ओळख. मंग ते उठून नव्यानं पाहन का मी कुठं हाये.

"उतई गावाले बदली झालेल्या मानसावानी," तो म्हनला. "मानूस तोच राहते, फक्त जुन्या क्वार्टरचा नंबर डोक्यातून काढा लागते. नाईतर रोज तिथंच जाऊन कडी वाजवते."

काढून राहिलो असताना त्यानं उतईच्या राइस मिलची गोष्ट सांगतली. अठरा वर्षांचा होता, मोटरचे तीन फेज उलटे जोडले. धान वर चढायच्या ऐवजी वरचं सगळं खाली आलं, मुनीमजी गळ्यापर्यंत धानात गाडले गेले. मी हसली, मोठ्यानं. मंग तो म्हनला, "मालक काठी घेऊन आला. आमचा म्हातारा मिस्त्री, चिंधू नाव त्याचं, पुढं होऊन म्हनला, मी जोडले. मार बी त्यानंच खाल्ला."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काही नाई. तो मेला त्यालेबी बारा वर्ष झाले. मी त्याले सांगतलंच नाई कधी का मले मालूम हाये तू कावून केलं." मंग म्हनला, "पुढचं वाच."

कावून सांगतली ही गोष्ट कोनास ठाऊक. मले त आनखीनच वाईट वाटलं. एवढा खरं बोलनारा मानूस, अन मी.

१ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सगळ्यांनी सोनं वाटलं. तेजरामभाऊले सोनं देऊन मी पाया पडली. मनात म्हनलं का आता सांगते. वर पाहिलं त तो एका बोर्डावरच्या चिपवरचा बारीक नंबर वाचून राहिला होता, उन्हाकडं धरून, चष्म्याबगर. मुंगीच्या पायाएवढे आकडे. मले वाटलं दूरचं दिसत नसन त्याले, जवळचं दिसत असन.

सांगनं राहून गेलं.

४ ऑक्टोबर, रविवार

आज सगळं झालं, सगळंच लिहून ठेवते.

यादी पूर्ण रिकामी करून मशीन चालू केली. ढग आले. ढग गेले. मंग एका मागून एक पाट्या, नवीन सामान सापडलं, नवीन सामान सापडलं. दरवेळी विंडोजची सीडी मागते, दरवेळी बंद करून चालू करा म्हनते. सात वेळा केलं. सातव्या वेळी मासिकातल्यावानी साफ पडदा, काकूनं लावलेलं अष्टविनायकाचं चित्र जसंच्या तसं, अन कोपऱ्यात मराठीच्या सॉफ्टवेअरचं चिन्ह.

काकूनं बाबारावजीले बोलावून आनलं. ते आले, तेजरामभाऊकडं न पाहता बसले.

"उघड पोरी," ते म्हनले.

मी उघडलं. उघडलं! पहिलंच घर, दयाराम, गाव तुमसर, साल एकोनसाठ. एक अक्षर हललं नव्हतं. काकूच्या डोळ्याले पानी आलं. बाबारावजीनं खिशातून लाल पेन काढलं, म्हनजे त्याईले आनंद झाला.

"प्रिंट बी निघते का पाहा," तेजरामभाऊ म्हनला. "नवीन पान घे नोनी. काही बी टाइप कर."

काही बी. मी टाइप केलं. बोटं थांबलीच नाईत. प्रिंटर कर्र कर्र करत चालला अन बाबारावजीनं कागद फाडून घेतला. त्याईले मोठ्यानं वाचायची सवय हाये.

"बोर्ड मी जाळला. पूजेच्या दिवशी मी प्लग काढले, उलटे लावले. तेजरामभाऊची अर्थिंग बरोबर..." इथं त्याईनं लाल पेनानं एक वेलांटी दीर्घ केली. मंग पेन थांबलं.

"हे काय हाये?"

तेजरामभाऊ हसला. "टेस्ट हाये काकाजी. काही बी लिही म्हनलं त लिहिलं तिनं. मजाक करते पोरगी." अन कागद ओढून घ्यायले हात पुढं केला.

बाबारावजीनं कागद देऊन बी टाकला. काकू प्रिंटरकडं वळल्या. झालं होतं. सगळे खुश होते. मी चूप राहिली असती त झालंच होतं.

"मजाक नाई," असं कोनी तरी म्हनलं. मीच होती. "मीच जाळला. काळ्या वायरी टोकाले लावल्या. मी अठरा तारखेपासून सांगायचं करून राहिली, तोंडातून निघत नव्हतं. तेजरामभाऊची लाइटिंग गेली, टीव्ही गेला, मी तिथंच उभी होती."

एवढं मी एका वेळी कधीच बोलली नाई. आवाज फाटका निघाला, पन निघाला.

मंग बाबारावजी तेजरामभाऊले म्हनले, "तुले मालूम होतं?"

"तिच्या कुंकवाचे बोटं प्लगवर होते काकाजी. मी रुमालानं पुसले. भागीरथानं चार वेळा धुतला, निघून नाई राहिलं."

"अन मले नाई सांगतलं?"

"तुमी विचारलं कुठं? तुमी त सांगतलं."

बाबारावजी लाल पेनाचं टोपन लावत राहिले, लागलंच नाई. उठून गेले. छत्री विसरले.

काकूनं तो कागद घडी करून गणपतीच्या फोटोमागं ठेवला. मले म्हनल्या, "पुढच्या वर्षी पूजा बाहेरून. कोरड्या कापडानं." अन म्हनल्या, "उद्या नऊला ये. पुस्तकाच्या सुरुवातीला एक पान वाढवायचं आहे, आभाराचं. तेजरामचं आडनाव विचारून घे, इतक्या वर्षांत मलाच माहीत नाही."

तेजरामभाऊ माह्यावर चिडला होता. बाहेर येऊन म्हनला, "मी एवढं लपवून ठेवलं त तू कावून सांगतलं?" मी म्हनलं, "चिंधू मिस्त्रीले तुमी सांगतलं नाई म्हनून." त्यानं शर्टाच्या खिशातून चष्मा काढून लावला.

खिशातच होता.

६ ऑक्टोबर, मंगळवार

काल कोजागिरी. पुस्तकाची पहिली प्रत निघाली, आभाराचं पान धरून. बाबारावजी सायकलनं तेजरामभाऊच्या घरी गेले होते. लाइटिंग परत घे म्हनले. तो म्हनला, मंडपवाल्यानं माळा लावून टाकल्या, त्याच्या पोटावर कावून मारता, पुढच्या वर्षी पाहू. पन भागीरथाकाकीले घेऊन आला. वीस वर्षांत पहिल्यांदा खुर्चीवर बसून दूध पिऊन राहिला होता अन प्रत्येक माळेले नाव ठेवून राहिला होता. "हे पिवळा पाह्य, निळ्याच्या बाजूले लावते का कोनी? अन ते मधातली बंदच हाये." भागीरथाकाकी म्हनली, "चूप बसा, चांगली हाये." मंग मले हळूच म्हनली, "तुमच्या भाऊच्या लाइटिंगपुढं काहीच नाई."

टीव्ही अजून नाई आला त्याईच्या घरी. ते माह्या डोक्यातून जात नाई. काकूले विचारनार हाये का रविवारी बी मी काम केलं त टीव्हीपुरते पैसे...

थांबा. शेजारची गयाबाई ओरडत आली. तिच्या उतईच्या बहिनीची म्हैस, जेठ महिन्यात, पावसाच्या आधी, हरवली होती, सगळ्यांनी मेली म्हनून सोडून देल्ली होती, ते आज सकाळी आपल्या आपच चालत दारात येऊन उभी राहिली. संगं तिची लहानशी वगार बी हाये. गेली एकटी, आल्या दोघी.